जॅकवरची गाडी आणि दाबलेली स्प्रिंग

पावसाळा सरला की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. खड्ड्यांतून गाडी हाकून कंबर धरलेले एक, आणि त्याच खड्ड्यांनी खिळखिळी केलेली गाडी दिवाळीच्या सुटीत अंगणात दुरुस्त करताना हात चेचून घेतलेले दुसरे. कंबरदुखीवर या सदरात पूर्वी लिहून झाले आहे. आज दुसऱ्या मंडळींविषयी.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी आपल्याकडे ती अजून धावताना दिसते. अशी जुनी गाडी एका बाजूला कलली, खड्ड्यात 'खाट्' असा आवाज येऊ लागला, की स्प्रिंग बसली किंवा मोडली असे जाणकार सांगतात. नवी स्प्रिंग दुकानात मिळते, मोबाईलवर कोणीतरी ती दहा मिनिटांत बसवून दाखवतो, आणि खंडेनवमीला पूजलेले पान्हे घरात असतातच. मग मजुरी कशाला द्या? मला ही हौस वाईट वाटत नाही. निवृत्तीनंतर ओट्यावर बसून राजकारण करण्यापेक्षा गाडीखाली शिरलेला माणूस प्रकृतीने बरा राहतो. मात्र तो गाडीखालून धडधाकट बाहेर यायला हवा.

प्रथम स्प्रिंगेचे पाहू. मारुती ८०० रिकामी असताना वजन साधारण साडेसहाशे किलो. इंजिन पुढे, त्यामुळे पुढच्या एकेका चाकावर दोनशे किलोच्या आसपास भार येतो आणि तो स्प्रिंग दबून पेलते. जॅक लावून चाक हवेत उचलले म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाला मधोमध एक नट असतो, तो तिला दाबूनच धरतो. हा नट फिरवून काढला की अडकलेली सगळी ताकद एका क्षणात सुटते, आणि काम करणाऱ्याचे तोंड नेमके त्याच्यावर वाकलेले असते.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने स्प्रिंग बांधकामाच्या तारेने आवळली होती. तार तुटली. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, समोरचे दात गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे तो पातळ पेजेवर होता. डोके चार बोटे पुढे असते तर तो माझ्याकडे आलाच नसता. स्प्रिंग दाबण्याचे खास अवजार असते, त्याचे आकडे समोरासमोर बसवून दोन्ही बाजू थोड्या थोड्या, सारख्या आवळाव्या लागतात. तार, दोर, मोटारसायकलची साखळी यांपैकी काहीही त्याच्या जागी चालत नाही.

ज्यांना हौस आहे त्यांना मी एक मधला मार्ग सांगतो. वरचा मधला नट न सोडता शॉकअॅब्सॉर्बर स्प्रिंगेसह अखंड उतरवावा, तसाच गॅरेजमध्ये न्यावा, तिथल्या मिस्त्रीकडून स्प्रिंग बदलून घ्यावी आणि घरी आणून बसवावा. मजुरीचा मोठा भाग वाचतो, जबडाही वाचतो. स्प्रिंगा डाव्या-उजव्या दोन्ही एकदम बदलाव्यात, आणि ब्रेकची नळी ताणली गेली नाही ना हे पाहून, ब्रेक तपासूनच गाडी रस्त्यावर काढावी. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. जुना शॉकअॅब्सॉर्बर तापवू किंवा कापू नये, काहींच्या आत दाबाखालचा वायू असतो.

आता जॅकविषयी. वाचकहो, जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. कंपनीने गाडीबरोबर दिलेला जॅक तर केवळ स्टेपनी बदलण्यापुरता. आपल्या अंगणात मुरूम असतो, तो पावसाने भुसभुशीत झालेला असतो. किंवा शहाबादी फरशी असते, ती मध्ये पोकळ असली तर तडकते. कुणी खाली विटा रचतात. वीट भार घेते, घेते, आणि कोणतीही सूचना न देता फुटते. त्यापेक्षा गाडीचे वजन पेलणारे लोखंडी स्टँड दोन आणावेत, ते कडक आणि सपाट जागी लावावेत, जमिनीवर राहिलेल्या चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे द्यावेत. गाडीला हात लावून हलवून पाहावे, मगच खाली जावे. मागची चाके उचलली असतील तर हँडब्रेकवर विसंबू नये, तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो. घरात कोणी नसताना गाडीखाली शिरू नये. हाकेला ओ देणारे माणूस हवेच, आणि लहान मुले मात्र जवळ नकोत.

हे इतके सांगायचे कारण वैद्यकीय आहे. श्वास घेताना छाती फुगावी लागते. तिच्यावर गाडी टेकली तर हाड न मोडताही छाती फुगत नाही, आणि माणसाला ओरडताही येत नाही. काही मिनिटांतच मेंदूला प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी पाय धरून ओढू नये. चार-पाच जणांनी मिळून गाडी उचलावी, एकाने लगेच खाली स्टेपनी किंवा जाड लाकूड सरकवावे आणि मग मान, पाठ सरळ ठेवून माणसाला बाहेर घ्यावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

हात किंवा पाय बराच वेळ चेंगरून राहिला असेल तर आणखी एक धोका असतो. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे सुरुवातीला बरी दिसत आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते टिपले. चेचलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर बसते. म्हणून अंग किती वेळ दाबले गेले होते हे डॉक्टरांना नक्की सांगावे. लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली तर रात्र काढू नये. जखम लहान दिसते पण वेदना वाढतच जाते, पोटरी दगडासारखी टणक लागते, बोटे ताणली की जीव जातो, अशी लक्षणे असतील तर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागू शकते. त्यावर मालीश करू नये.

ओम्नीसारख्या व्हॅनला मागे पाटे असतात. तिथे बोटांचे हाल होतात. बोल्टाचे भोक भोकासमोर आले की नाही हे बोट घालून चाचपण्याची सवय आहे. पाटा सरकला की बोट सुरीने कापल्यासारखे तुटते. त्यासाठी सळई वापरावी. अंगठी आधी काढून ठेवावी, लग्नाची असली तरी. बोट तुटलेच तर तो तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर पाठवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो मरतो. जखमेवर हळद, ग्रीस, पेट्रोल काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले ते आठवून सांगावे.

शेवटी डोळा. गंजलेला बोल्ट हातोड्याने ठोकताना लोखंडाची बारीक कपची उडते. ती डोळ्यात शिरते तेव्हा नुसते काहीतरी टोचल्यासारखे वाटते, पाणी येते, तासाभराने बरे वाटू लागते. माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. कपची आतच गंजते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दृष्टी जाऊ लागते. साधा चष्मा पुरत नाही, बाजूनेही झाकलेला गॉगल घालावा. तो फार महाग नसतो. टोचलेच तर चोळू नये, धुण्याचा खटाटोप करू नये, कपची उपटू नये, घट्ट पट्टीही बांधू नये. वरून कागदी पेला अलगद धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि 'लोखंडावर हातोडा मारत होतो' हे आपणहून सांगावे, म्हणजे ते एक्स-रे काढून पाहतील.