शेजारचा भराव आणि आपल्या दारातले पाणी

‘इतकी वर्षे कधी नाही, मग यंदाच घरात पाणी कसे?’ नवी मुंबईत जून-जुलैमध्ये हा प्रश्न बैठ्या घरांत, रो-हाउसमध्ये आणि गावठाणांत दरवर्षी ऐकू येतो. पाऊस जास्त झाला, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण अनेकदा उत्तर शेजारच्या भूखंडावर टाकलेल्या भरावात, उंच झालेल्या रस्त्यात किंवा अरुंद केलेल्या नाल्यात सापडते. ते शोधायचे कसे आणि शोधल्यावर दाद कुठे मागायची, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

या शहराचे पाणी जाते कुठे?

पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी, दक्षिणेकडे पनवेलची खाडी. डोंगरावरून उतरणारे पाणी पूर्वी ओढ्यांनी भातखाचरांत, तिथून खाजणात आणि मग खाडीत जाई. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी खाडीकाठी मातीचे बांध घातले होते आणि त्या बांधांत उघाड्या बसवल्या होत्या. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडे. भरती आली की खाडीच्या दाबाने ती आपोआप मिटे.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रात नवे शहर आखले गेले. त्यातला खाडीकडचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल होता. सगळीकडे उंच भराव घालणे खर्चिक होते. म्हणून नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. तत्त्व उघाडीचेच आहे. भरतीच्या काळात फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा, बंद राहतात, तेवढ्या वेळात पडलेला पाऊस तलावात साठतो आणि ओहोटीला खाडीत सोडला जातो.

याचा अर्थ असा, की या शहराला पाणी बाहेर टाकण्यासाठी दिवसातून दोनदाच नीट वाट मिळते. मधल्या काळात पाणी थांबायला जागा हवी. तलावात गाळ साचला, त्यात कांदळवन वाढले, की ही जागा कमी होते. कांदळवन तोडण्यावर 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कडक बंधने आहेत, त्यामुळे गाळ काढणेही सोपे राहिलेले नाही. अशा नाजूक व्यवस्थेत एका भूखंडाची पातळी बदलली तरी शेजाऱ्याला ते जाणवते.

नव्या बांधकामाने काय बदलते?

पहिला बदल पाण्याच्या प्रमाणात होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 50,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. मोकळ्या जमिनीत यातले काही मुरते, काही खाचखळग्यांत अडते, उरलेले सावकाश वाहते. तिथे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटारावर येते. गटार मात्र जुन्याच मापाचे असते.

दुसरा बदल दिशेचा. शेजारचा भूखंड सखल होता तोवर तुमच्या अंगणातले पाणी तिकडे उतरत होते. त्यावर मीटर-दीड मीटर भराव पडला की वाट बंद होते, उलट तिकडचे पाणी तुमच्याकडे येऊ लागते.

तिसरा बदल वाटेचा. काम चालू असताना नाल्यात राडारोडा पडतो, रस्ता ओलांडणारी मोरी अर्धी बुजते किंवा उघडा नाला लहान व्यासाच्या पाइपात घातला जातो. चौथा बदल रस्त्याचा. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेले की काही वर्षांत रस्ता घराच्या जोत्यापर्यंत चढतो.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, ते डुंगी गावाने भोगले आहे. नवी मुंबई विमानतळाचे क्षेत्र सुमारे 1160 हेक्टर. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सखल जागेत भराव घातला गेला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. दहा गावांचे पुनर्वसन ठरले. पारगाव परिसरातले डुंगी त्या यादीत नव्हते. भरावाची कामे सुरू झाल्यानंतर पावसाळ्यात डुंगीच्या घरांत पाणी शिरू लागले. ग्रामस्थांनी भरावाकडे बोट दाखवले आणि आपलेही पुनर्वसन करा, ही मागणी लावून धरली. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. गाव होते तिथेच, होते त्याच उंचीवर राहिले. भोवतालची जमीन वर गेली.

आधी निदान

तक्रार लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा.

पाणी कसले आहे? गढूळ, मातकट पाणी दारातून आले तर ते पावसाळी गटाराचे. काळे, दुर्गंधीचे पाणी न्हाणीघरातून किंवा शौचालयाच्या चेंबरमधून उलटले तर ती मलवाहिनीची तक्रार. दोन्हींचे विभाग आणि उपाय वेगळे आहेत.

पाणी कधी येते? प्रत्येक वेळी तारीख, पाणी चढल्याची व उतरल्याची वेळ लिहा आणि शेजारी भरतीची वेळ लिहा. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. नेमक्या वेळेसाठी छापील वेळापत्रक वापरा. पाणी फक्त भरतीला चढत असेल तर दोष फ्लॅप गेट, तलाव किंवा खाडीकडच्या तोंडाशी असण्याचा संभव जास्त. ओहोटीतही पाणी तुंबत असेल तर अडथळा तुमच्या घराच्या जवळ आहे.

पाणी कुठून येते? पाऊस चालू असताना, सुरक्षित असेल तर, छत्री घेऊन प्रवाहाच्या उलट दिशेने चालत जा. कोणत्या चेंबरचे झाकण उसळते आहे, कोणती मोरी भरून वाहते आहे, कुठे पाणी वळते आहे, याची फोनवर चित्रफीत घ्या.

पातळी मोजा

‘शेजाऱ्याने भराव टाकल्यामुळे पाणी येते’ हे वाक्य वादाचे ठरते. ‘त्यांची जमीन माझ्या जोत्यापेक्षा 40 सेंटिमीटर उंच आहे’ हे वाक्य कोणालाही येऊन तपासता येते. त्यासाठी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पुरतो.

पाइपात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक घराच्या भिंतीला धरा, दुसरे शेजारच्या कुंपणापाशी किंवा रस्त्यावर न्या. दोन्ही टोकांतले पाणी स्थिर झाले की ते एकाच पातळीत असते. इकडे जोत्यापासून पाण्यापर्यंतची उंची मोजा, तिकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची. समजा इकडे 90 सेंटिमीटर आणि तिकडे 50 सेंटिमीटर आली, तर तिकडची जमीन जोत्यापेक्षा 40 सेंटिमीटर उंच आहे. रस्त्याचा मध्य, गटाराचा तळ आणि मोरीचा तळही असाच मोजा. गटाराचा तळ वाटेतल्या मोरीच्या तळापेक्षा खाली निघाला, तर तिथे पाणी कायम साचणारच. प्रकरण मोठे असेल तर सर्वेक्षकाकडून सही-शिक्क्याचा नकाशा करून घ्या. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल तर टेप धरून फोटो काढा. घरात पाणी शिरल्यास तलाठ्याकडून पंचनामा मागा.

दार कोणाचे ठोठावायचे?

दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल 2016 साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत. उलवे, द्रोणागिरीत सिडको. औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी. रेल्वेखालची मोरी रेल्वेची, महामार्गाखालची महामार्ग यंत्रणेची. दोन यंत्रणांच्या हद्दीवर अडथळा असेल तर एकच अर्ज दोघांना द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याचे नाव लिहा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर मग लेखी द्यावे लागते.

अर्ज एका पानाचा असावा: जागा, पाणी आल्याच्या तारखा-वेळा, मोजलेल्या पातळ्या, फोटो आणि नेमकी मागणी. ‘पाणी थांबवा’ असे लिहू नका. ‘अमुक मोरी साफ करा’, ‘भूखंडाच्या कडेने गटार बांधून घ्या’ असे लिहा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. दखल घेतली गेली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाचा मार्ग आहे.

सोबत माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून शेजारच्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा, मंजूर जोत्याची पातळी, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा आणि ते पाणी कोणत्या गटारात सोडले जाणार, हे मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची. काम मंजुरीप्रमाणे नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधीच हरकत नोंदवा. इमारतीत रहिवासी आले की काहीही बदलून घेणे फार अवघड होते.

कायद्याचा आधार

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे गटारे बांधणे व ती साफ ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. निधी नाही, ही सबब चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तो खटला सार्वजनिक उपद्रवाच्या तरतुदीखालचा होता. तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. सार्वजनिक नाला अडवला असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

वाद दोन खासगी जमिनींचा असेल तर 1882 चा सुविधाधिकार कायदा पाहावा लागतो. वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणे, हे खालच्या जमीनमालकाला मान्य करावे लागते. म्हणून शेजारी वाहती वाट अडवत असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. शेतजमिनीचे नुकसान होत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येते. पण सहा महिन्यांच्या आत.

तोवर घरात

मलवाहिनीच्या चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. विजेचा मीटर, बोर्ड आणि खालचे सॉकेट पाण्याच्या रेघेच्या वर घ्या. जमिनीखालच्या टाकीचे झाकण उंच करा; गटाराचे पाणी शिरले असेल तर टाकी उपसून, धुऊन, क्लोरिन टाकल्याशिवाय ते पाणी वापरू नका. भारत गृह रक्षा या 2021 पासूनच्या विमा योजनेत पुराचे नुकसान धरले जाते, तेव्हा पॉलिसी वाचून पाहा. आणि आपल्या अंगणात आंधळेपणाने भराव टाकू नका. ते पाणी पुढच्या घरात जाते आणि उद्या तोच शेजारी तुमच्याविरुद्ध हाच अर्ज लिहितो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. भर पावसात आलेल्या अर्जावर पंप मिळतो, गटार मिळत नाही. म्हणून शेजारी भरावाचा पहिला डंपर आला, त्याच आठवड्यात जोत्याची पातळी मोजून ठेवा, पाच घरे मिळून एक अर्ज लिहा आणि मार्च संपण्याआधी त्यावर आवक क्रमांक घ्या.