विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ

मागच्या खेपेला एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, मुंबई–नागपूर विमानाचं अंतर किती?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत.

पहिला सोपा. मोसंब्यावर दोन टाचण्या टोचा आणि मध्ये दोरा ताणून धरा. पृथ्वीच्या गोलावर असा दोरा ताणला तर मुंबई–नागपूर सुमारे 680 किलोमीटर भरतं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, म्हणजे फारसा फरक नाही! हे अंतर कुणी बदलू शकत नाही.

आता वेळ. ताशी 800 किलोमीटरने हिशेब केला तर जेमतेम 51 मिनिटं होतात. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास दिसतो. का? कारण वेळापत्रक विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि तिकडे जागेवर थांबलं की संपतं. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत. मग विमानं आकाशात घिरट्या घालतात. त्यात हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, म्हणून येताना जास्त वेळ लागतो. अंतर मात्र दोन्ही वेळी तेच.

आणि आपल्या चिंचोटीचं काय? विमानतळ इथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. पण वसई खाडीच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या की तेवढ्यात नागपूरचं विमान उतरलेलंही असतं. तेव्हा घरून निघायची वेळ विमानाच्या नव्हे, पुलाच्या हिशेबाने ठरवा.

लायब्निझ म्हणायचा, अवकाश म्हणजे एकत्र असलेल्या वस्तूंमधले संबंध. त्याच्या मनात भूमिती होती, पण मला या ठिकाणी माणसांचे संबंध आठवतात.

कराची घ्या. मुंबईपासून सुमारे 875 किलोमीटर. दिल्ली 1140, म्हणजे कराचीच जवळ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबूनही दुपारी जुहूला उतरले. एकच इंजिन, छोटंसं विमान. आज? थेट विमान नाही. 2025च्या एप्रिलअखेरीस दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. दुबईमार्गे जायचं तर आधी 1930 किलोमीटर पश्चिमेला आणि मग जवळजवळ 1190 मागे, असे 3100 किलोमीटर पडतात. मधला मुक्काम वेगळा. शिवाय व्हिसा! तो मिळायला किती दिवस लागतील, हे कुठल्याच वेळापत्रकात छापलेलं नसतं. कराचीत एके काळी मराठी वस्ती होती. तिथल्या एन. जे. व्ही. शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. त्या घरांतली आज इकडे असलेली नातवंडं कराचीचं अंतर विचारतात, तेव्हा त्यांना 875 सांगायचं की 3100?