कुटुंबाचा अन्नखर्च आणि भाववाढ : हिशोबाची योग्य रीत

एखाद्या कुटुंबाची अन्नाची स्थिती सुधारली की खालावली, हे ठरविताना आपले कार्यकर्ते बहुधा एकच प्रश्न विचारतात : "महिन्याला खाण्यावर किती खर्च होतो ?" मागील पाहणीतील आकडा व नवा आकडा शेजारी मांडला जातो आणि खर्च वाढलेला दिसला की कुटुंब पूर्वीपेक्षा चांगले खाते, असा शेरा पडतो. हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो. धान्य मोजण्याची पायली दर वर्षी थोडी लहान होत गेली, तर पायल्यांची संख्या वाढूनही कणगीत धान्य कमीच भरेल. भाववाढीच्या काळात रुपया हे असेच आकसणारे माप होय. ते पूर्ववत करून घेतल्याशिवाय दोन वर्षांच्या खर्चाची तुलना करता येत नाही.

अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. गोराई-मनोरीकडील शेतकरी आणि आरे व राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे थोडा भाजीपाला किंवा भात पिकवितात. परंतु डाळ, तेल व बरेचसे धान्य त्यांना विकतच घ्यावे लागते. घाटकोपर व मुलुंडच्या वस्त्यांतील मजूर कुटुंबांचे तर सर्वच अन्न बाजारातून येते. अशा ठिकाणी भाव चढले की त्याची झळ थेट ताटाला लागते.

एक उदाहरण

समजा, पाच माणसांचे एक कुटुंब पहिल्या वर्षी शिधावाटपाच्या धान्याव्यतिरिक्त दरमहा पुढील जिन्नस बाजारातून घेत होते. प्रत्येक जिनसापुढे पहिल्या व चौथ्या वर्षीचा भाव दिला आहे.

तांदूळ २० किलो : ३६ रु., ४५ रु.
तूरडाळ ४ किलो : १०० रु., १५० रु.
खाद्यतेल ३ लिटर : ११० रु., १४० रु.
कांदा-बटाटा १० किलो : २५ रु., ३२ रु.
इतर भाजी १० किलो : ४० रु., ५५ रु.
सुकी मासळी १ किलो : ३०० रु., ३६० रु.
दूध १० लिटर : ५० रु., ६२ रु.

या सर्व जिनसांची किंमत पहिल्या वर्षी २,९०० रुपये होते. तेवढेच जिनस चौथ्या वर्षीच्या भावाने घेतल्यास ३,७७० रुपये पडतात. ३,७७० ला २,९०० ने भागून १०० ने गुणले असता १३० येतात. हा त्या कुटुंबाचा अन्नभाव निर्देशांक होय. म्हणजे पूर्वी १०० रुपयांत येणाऱ्या अन्नास आता १३० रुपये लागतात.

आता चौथ्या वर्षी या कुटुंबाचा प्रत्यक्ष खर्च ३,३८० रुपये आढळला असे धरू. वरवर पाहता खर्च ४८० रुपयांनी वाढला. परंतु ३,३८० ला १३० ने भागून १०० ने गुणले, तर पहिल्या वर्षीच्या भावाने तो खर्च केवळ २,६०० रुपये ठरतो. कुटुंबाचे अन्न सुमारे १० टक्क्यांनी घटले आहे. पूर्वीइतके अन्न घेण्यास ३९० रुपये कमी पडतात. तूरडाळ ४ किलोऐवजी २ किलो आणि सुकी मासळी पाऊण किलो घेऊन घरच्या बाईने हा तुटवडा भरून काढला असेल, तर भात तेवढाच शिजतो. मुलांच्या ताटातील प्रथिने मात्र कमी होतात. पैशाच्या आकड्यावर विसंबणाऱ्या कार्यकर्त्याला हे कुटुंब सुस्थितीत दिसेल आणि साहाय्यासाठी त्याची शिफारस होणार नाही.

येथे एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. भाव ३० टक्के वाढले म्हणून खर्चातून ३० टक्के वजा करू नयेत. तसे केल्यास २,३६६ रुपये येतात व घट वाजवीपेक्षा मोठी दिसते. निर्देशांकाने भागणे हीच योग्य रीत आहे.

भाव कोणते घ्यावेत ?

कुटुंब ज्या दुकानात व जेवढ्या मापाने खरेदी करते, तेथील भाव घ्यावेत. वाशीच्या घाऊक बाजाराचे भाव येथे उपयोगाचे नाहीत. रोजच्या मजुरीवर पाव किलो डाळ घेणाऱ्यास स्टेशनाजवळच्या बाजारातील भाव सहसा मिळत नाही. पालेभाजीची जुडी व मासळीचा वाटा यांचे प्रत्यक्ष वजन करावे. कारण जुडी १० रुपयांचीच राहून लहान झाली, तर तीही भाववाढच असते. तसेच पावसाळ्यातील भावाची तुलना हिवाळ्यातील भावाशी करू नये. जुलैशी जुलै व जानेवारीशी जानेवारी ताडून पाहावा.

शिधावाटपाचे धान्य व घरचे पीक

शिधावाटपाचे धान्य नेहमी किलोत लिहावे व बाजारातील खरेदीत मिसळू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. पूर्वी तांदळास किलोमागे ३ रुपये व गव्हास २ रुपये पडत. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाऊ लागले. पाच माणसांच्या घरात १५ किलो तांदूळ व १० किलो गहू येत असल्यास खर्च ६५ रुपयांनी घटला, परंतु अन्न एक दाणाही घटले नाही. उलटपक्षी, शिधापत्रिकेवर नाव नसलेल्या कुटुंबास तेच धान्य बाजारभावाने घ्यावे लागते. दोघांना एकच निर्देशांक लावणे अन्यायाचे ठरेल.

शेतकरी कुटुंबाने घरी खाल्लेला भाजीपाला व भातही वजनाने नोंदवावा व त्याची किंमत शेतावरील विक्रीच्या दराने धरावी. पावसाळ्यात पाड्यावर येणाऱ्या टाकळा, कुरडू, शेवळे अशा रानभाज्यांचीही नोंद करावी. त्या विकत घेतल्या नाहीत म्हणून अन्नातून वगळणे योग्य नव्हे.

सरकारी निर्देशांकाचा उपयोग

स्वतः भाव गोळा करणे शक्य नसेल, तेथे प्रसिद्ध होणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा आधार घ्यावा. मात्र त्यातील अन्नगटाचा आकडा घ्यावा, सर्वसाधारण आकडा नव्हे. औद्योगिक कामगारांच्या २०१६ पायाच्या मालिकेत अन्न व पेये यांना सुमारे ३९ टक्के भार दिलेला आहे. गरीब कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा पुष्कळदा याहून मोठा असतो. वरील उदाहरणात सर्वसाधारण निर्देशांक ११५ असता, तर ३,३८० चे २,९३९ रुपये झाले असते आणि खालावलेले कुटुंब सुधारलेले दिसले असते.

पायाभूत वर्ष बदलले आहे काय, हेही पाहावे. सप्टेंबर २०२० पासून कामगार निर्देशांकाचा पाया २००१ ऐवजी २०१६ करण्यात आला व दोहोंना जोडणारा अखिल भारतीय गुणक २.८८ ठरला. नव्या मालिकेतील १२० म्हणजे जुन्या मालिकेतील ३४५.६ होत. हा गुणक न लावता जुने व नवे आकडे शेजारी ठेवल्यास महागाई एकाएकी ओसरल्याचा भास होतो.

निर्देशांकातील चूक लहान दिसली तरी तिचा परिणाम लहान नसतो, हा मुंबईचाच अनुभव आहे. येथील कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकावर अवलंबून असे. तो प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखविला जातो, अशी कामगारांची तक्रार झाल्यावर महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तीनंतर निर्देशांकात दुरुस्ती झाली. पुढे दारिद्र्यरेषेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. १९९३ च्या अहवालात त्या गटाने प्रत्येक राज्यासाठी ग्रामीण व शहरी भागांत वेगवेगळे किंमत निर्देशांक वापरण्याची शिफारस केली. ज्यांचे अन्न मोजावयाचे, त्यांच्याच बाजाराचे भाव लावावेत, हेच तत्त्व त्यामागे होते.

त्यापूर्वी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर व रथ यांनी किमान गरजेसाठी दरडोई दरमहा ग्रामीण भागात १५ रुपये व शहरात २२.५० रुपये ही मर्यादा मांडली, तीही '१९६०-६१ च्या किंमतींनुसार' असे स्पष्ट करूनच. हे शब्द वगळले तर ते आकडे आज निरर्थक ठरतील.

कार्यकर्त्यांनी आपल्या वहीतही हीच शिस्त पाळावी. प्रत्येक घराच्या नोंदीत जिन्नस, वजन, भाव, दुकान व महिना ही पाच माहिती लिहावी. खर्चास अन्नभाव निर्देशांकाने भागावे आणि शेवटी डाळ, तेल, दूध व भाजी यांची वजने मागील पाहणीशी ताडून पाहावीत. गृहिणीस खर्चाबरोबरच "डाळ किती दिवस पुरते ?" हेही विचारावे. तिचे उत्तर व आपला हिशोब जुळत नसेल, तर शेरा लिहिण्यापूर्वी हिशोब पुन्हा तपासावा.