स्वस्त तिकीट आणि छुपी हुंडणावळ

इस्राएल व युरोपीय संघ यांच्यात २०१३ साली खुल्या विमानवाहतुकीचा करार झाला. तेव्हापासून कमी भाड्याच्या विमानांमुळे युरोपचा प्रवास आपल्या समाजातील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांच्याही आटोक्यात आला. ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि या स्वस्ताईच्या पोटात एक खर्च दडलेला असतो. त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तिकिटाची किंमत युरोत असते; परंतु इस्राएली कार्डाचा क्रमांक भरताच पडद्यावर ती शेकेलमध्ये उमटते. आपल्याच चलनात पैसे भरा, म्हणजे नेमकी रक्कम कळेल, असा गोड आग्रह होतो. कित्येकदा संमतीची खूणही आधीच केलेली असते. वस्तुतः हा विनिमयाचा दर विक्रेत्याने किंवा त्याने नेमलेल्या मध्यस्थाने ठरविलेला असतो आणि त्याचा नफा त्या दरातच मुरलेला असतो.

शाळेतील साधे त्रैराशिक येथे उपयोगी पडते. समजा, चौघांची तिकिटे ४०० युरोंची आहेत व कार्डसंस्थेचा दर युरोस ४ शेकेल आहे. म्हणजे १,६०० शेकेल झाले. बँकेने त्यावर २ टक्के आकार घेतला, तर १,६३२ होतील. विक्रेत्याने दरात ६ टक्के चढविले असतील, तर तेच १,६९६ पडतील. ६४ शेकेल नाहक गेले! शिवाय व्यवहार परदेशी म्हणून काही बँका त्यावरही आपला आकार लावतात, तो निराळाच.

यावर उपाय सोपा आहे. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार चलनाची निवड ग्राहकाचीच असते. म्हणून शेवटचे बटण दाबण्यापूर्वी चलनाची ओळ शोधावी, आधीची खूण काढावी आणि तिकिटाच्या मूळ चलनातच पैसे भरावेत. या दोन्ही संस्था आपले रोजचे दर प्रसिद्ध करतात; ते ताडून पाहावेत. आपल्या कार्डावरील परकीय चलनाचा आकार बँकेत आधीच विचारून ठेवावा. मुंबई-ठाण्याच्या आप्तांनी भारतीय कार्डाने परदेशी तिकीट काढतानाही हीच दक्षता घ्यावी.

घरातील वडीलधाऱ्यांची तिकिटे बहुधा मुलेच घाईघाईने काढतात. त्यांना आम्ही एवढेच सुचवितो की, पैसे आईवडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाणार असतील, तर ती बारीक अक्षरांतली ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. न वाचता दिलेली संमती ही खरी संमती नव्हे.