जीसीसी नेमका कुठला धावतोय?

पुण्यात कर्वेनगरातल्या खोलीत लॅपटॉप उघडून पाषाणला, आयसर या विज्ञान संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’वर लॉगिन करता येतं. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून सी-डॅकने २०१९मध्ये उभा केलेला हा महासंगणक. अशा यंत्रावर नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची पहिली ठेच ठरलेली असते. घरी बिनतक्रार चालणारा सी++१७चा कोड तिथे कंपाइलच होत नाही. कंपायलर म्हणतो, हा पर्याय मला ठाऊक नाही.

कारण साधं आहे. सामायिक यंत्रांवरची ऑपरेटिंग सिस्टीम वर्षानुवर्षं बदलत नाहीत. उदाहरणार्थ, सेंटओएस ७सोबत येणारा कंपायलर जीसीसी ४.८.५ आहे आणि त्याला सी++१७ कळत नाही. मग तो काढून नवा का टाकत नाहीत? कारण शेजारच्या संशोधकाचा जुना फोरट्रान कोड. कॉल करताना दिलेल्या आर्ग्युमेंटचा प्रकार जुळला नाही, तर जीसीसीतला फोरट्रान कंपायलर, म्हणजे जीफोरट्रान, पूर्वी फार तर कुरकुर करायचा. जीसीसी १०पासून ती थेट एरर झाली. म्हणजे एकाला नवा हवा, दुसऱ्याला जुनाच. दोघांचंही बरोबर आहे.

म्हणून सगळ्या आवृत्त्या डिस्कवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवतात. तुम्ही ‘जीसीसी’ टाइप केलं की शेल ‘पाथ’ या व्हेरिएबलमधली फोल्डरांची यादी डावीकडून उजवीकडे तपासतो आणि जो जीसीसी आधी सापडेल तो चालवतो. यादीत आधी ज्याचं फोल्डर, त्याचं राज्य. हा क्रम हाताने बदलता येतो, पण मग लायब्ररींचा ‘एलडी लायब्ररी पाथ’ही बदलावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. जीसीसी ११ने केलेला प्रोग्राम कंपाइल होतो आणि चालवताना ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२९ नॉट फाउंड’ म्हणत कोसळतो. कंपायलर नवा, पण चालताना सापडलेली सी++ लायब्ररी जुनी, एवढाच त्याचा अर्थ.

ही कटकट सोडवणारी ‘एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स’ची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन फुर्लानी यांनी १९९१मध्ये मांडली. सी-डॅकचा परम ८००० पुण्यात तयार झाला तोही त्याच वर्षी.

‘मॉड्यूल अव्हेल’ लिहिलं की उपलब्ध आवृत्त्यांची यादी येते. ‘मॉड्यूल लोड जीसीसी/११.२.०’ लिहिलं की ती आवृत्ती हाती येते. यात इन्स्टॉल काहीच होत नाही. प्रत्येक आवृत्तीसाठी एक छोटी मॉड्यूलफाइल असते. अमुक फोल्डर पाथच्या सुरुवातीला जोडा, तमुक लायब्ररीच्या यादीत टाका, दुसरा जीसीसी आधीच लोड असेल तर नकार द्या, इतकंच तिच्यात लिहिलेलं असतं. ‘मॉड्यूल शो’ने ती वाचता येते, जरूर वाचा.

गंमत पुढे आहे. लिनक्समध्ये कुठलाही प्रोग्राम स्वतःला सुरू करणाऱ्या शेलचं एन्व्हायर्नमेंट बदलू शकत नाही. मग मॉड्यूलला ते कसं जमतं? तर ‘मॉड्यूल’ हा मुळी प्रोग्राम नाहीच, ते शेलचं फंक्शन आहे. ‘टाइप मॉड्यूल’ लिहून खात्री करून घ्या. खरा प्रोग्राम मागे बसून फक्त आज्ञा छापतो आणि हे फंक्शन त्या आज्ञा तुमच्याच शेलमध्ये चालवतं. अनलोड करताना तीच मॉड्यूलफाइल उलट अर्थाने वाचली जाते, म्हणजे जोडलेलं तेवढं काढलं जातं. जॉब स्क्रिप्टमध्ये कधी ‘मॉड्यूल: कमांड नॉट फाउंड’ दिसतं तेही यामुळेच, त्या शेलमध्ये फंक्शन पोचलेलंच नसतं. बहुतेक ठिकाणी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू केला की काम होतं.

फोरट्रानवाल्यांनी जास्त जपावं. हवामानाच्या प्रारूपांना नेटसीडीएफ लायब्ररी लागते, आणि तिची डॉट-मॉड फाइल ज्या कंपायलरने बनवली त्याच्याशीच बांधलेली असते. इंटेलच्या कंपायलरने बनवलेली फाइल जीफोरट्रानला वाचता येत नाही. टेक्सासच्या महासंगणन केंद्रातल्या रॉबर्ट मॅक्ले यांच्या ‘एलमॉड’ने यावर चांगला उपाय काढला. त्यात लायब्ररी उतरंडीत मांडता येतात: आधी कंपायलर लोड करा, मग त्याच कंपायलरने बांधलेल्या लायब्ररीच यादीत दिसतात, आणि कंपायलर बदलला की लोड केलेल्या लायब्ररीही बदलतात. माझ्या मते नव्या क्लस्टरवर हीच मांडणी असावी.

एक सवय मात्र घातक आहे: लोडच्या ओळी बॅशआरसी या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकून विसरून जाणं. जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्ममध्ये जॉब पाठवला की तुमच्या टर्मिनलचं त्या क्षणीचं एन्व्हायर्नमेंट मुळात सोबत जातंच. त्यात ही भर पडली की कोणता जीसीसी चालला हे तुम्हालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जॉब स्क्रिप्टच्या सुरुवातीला आधी लोड असलेलं सगळं काढणारं ‘मॉड्यूल पर्ज’ लिहा, खाली हव्या त्या मॉड्यूलांची नावं पूर्ण आवृत्तीसह लिहा आणि शेवटी ‘मॉड्यूल लिस्ट’, म्हणजे जॉबच्या लॉगमध्ये नोंद राहील. नुसतं ‘मॉड्यूल लोड जीसीसी’ लिहू नका; त्याने मिळणारी डीफॉल्ट आवृत्ती अ‍ॅडमिन कधीही बदलू शकतो.