निवासवाहनातील पाणीगळती
निवासवाहनातील पाणीगळती : झोपणे, स्वयंपाक, स्नान इत्यादींची सोय असलेल्या आणि मोटारीमागे जोडून ओढावयाच्या किंवा स्वतःच्या एंजिनाने चालणाऱ्या वाहनाच्या (कॅरॅव्हॅन, ट्रेलर, मोटारघर इ.) छतात, भिंतींत वा तळात बाहेरून पावसाचे अथवा आतून नळव्यवस्थेचे पाणी शिरणे. एंजिन, चाके किंवा उपकरणे बिघडल्यास ती बदलता येतात. परंतु भिंतींतील सांगाडा कुजला, तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा वाहनाच्या उरलेल्या किमतीहून अधिक होतो. म्हणून जुने निवासवाहन विकत घेताना जाणकार प्रथम ओल तपासतात, एंजिन नंतर.

केवळ सहलीसाठी बांधलेल्या निवासवाहनांपैकी आरंभीचे म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’ या घोड्यांनी ओढावयाच्या लाकडी गाडीचा उल्लेख केला जातो. ती १८८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झाली. पुढे हा उद्योग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष वाढला व इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले.

कारणे : घराचे छप्पर स्थिर व उतरते असते, निवासवाहनाचे छत जवळजवळ सपाट असून रस्त्यावर ते सतत हादरते, पिळवटते. शिवाय वायुवीजक, छतखिडकी, वातानुकूलक, नळव्यवस्थेच्या वायुनलिका आणि आकाशक यांसाठी त्यात अनेक भोके पाडलेली असतात. भिन्न पदार्थांचे असमान प्रसरण हे आणखी एक कारण होय. ९ मी. लांबीच्या ॲल्युमिनियमाच्या पत्र्याची लांबी ५०° से. तापमानबदलाने सु. १० मिमी. बदलते, त्याखालच्या लाकडी पट्ट्यांची लांबी मात्र त्या मानाने फारच थोडी बदलते. हा फरक सांध्यातील सीलंटाने (फटी बुजविणाऱ्या लवचिक द्रव्याने) सोसावयाचा असतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी ते कालांतराने कडक होते, त्याला चिरा पडतात व कडा सुटतात. चिरेत शिरलेले पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते आणि चीर रुंदावते. थंड देशांत हिवाळाभर उघड्यावर उभी राहिलेली वाहने वसंतात गळू लागतात, ती यामुळेच.

बांधणीनुसार गळतीचे परिणाम वेगळे दिसतात. लाकडी सांगाड्यावर पन्हळी पत्रा ठोकलेल्या वाहनात लाकूड आतल्या आत कुजते व पत्रा बाहेरून मात्र चांगला दिसतो. दुसऱ्या प्रकारात तंतुकाचेचा पातळ पत्रा, प्लायवुड आणि पॉलिस्टायरीन फेस हे थर दाबाखाली चिकटवून भिंत बनवितात. तीत पाणी शिरले की थर एकमेकांपासून सुटतात व बाहेरच्या पृष्ठावर फुगवटे येतात. असा फुगवटा दाबून बसविता येत नाही.

शोध : जेथे ओल दिसते तेथे गळती असतेच असे नाही, किंबहुना बहुधा ती तेथे नसते. छतातील फटीतून आलेले पाणी तुळईच्या कडेने वा विजेच्या तारेवरून ओघळत दूर जाते आणि वाहन ज्या बाजूस कलले असेल तिकडच्या कोपऱ्यात प्रकट होते. त्यामुळे गळती बुजविण्यापेक्षा तिचा उगम शोधण्याचेच काम अवघड असते.

प्रथम पाणी कोठले आहे हे ठरवावे लागते. पुष्कळदा गळती समजली जाणारी ओल ही प्रत्यक्षात दव असते. १ किग्रॅ. प्रोपेन वायू जळाला म्हणजे सु. १·६ किग्रॅ. पाण्याची वाफ तयार होते. तीत माणसांच्या श्वासाची भर पडते व थंड रात्री ती काचांवर आणि धातूंच्या पट्ट्यांवर साकळते. असे दव पाऊस नसतानाही धरते व बऱ्याच जागी सारखे पसरलेले असते. गळतीचा डाग एका जागी, तपकिरी कडेचा असतो व पावसानंतर वाढतो. कोरड्या हवेतही जमीन ओली राहत असेल, तर नळव्यवस्थेचा संशय घ्यावा. सर्व तोट्या बंद असताना पंप मधूनमधून आपोआप सुरू होणे, हे दाब कोठे तरी कमी होत असल्याचे चिन्ह होय. तथापि पंपातील एकदिशा झडप सैल झाल्यासही पाणी टाकीत परतते व हेच लक्षण दिसते. म्हणून सांधे प्रत्यक्ष पाहावे लागतात. उत्तर अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात वापरलेले पॉलिब्युटिलिनाचे करडे नळ क्लोरिनयुक्त पाण्याने ठिसूळ होतात. तळावरील सार्वजनिक नळाचा दाबही कधी जास्त असतो. त्यासाठी दाबनियंत्रक बसवून तो सु. २·८ ते ३·५ किग्रॅ./चौ. सेंमी. एवढा ठेवतात.

पावसाच्या गळतीसाठी आर्द्रतामापकाच्या सुया लाकडात टोचून ओलीचा नकाशा काढतात. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांहून अधिक राहिल्यास कवके (बुरशी) वाढण्याचा संभव असतो. ओल ज्या दिशेने वाढत जाते तिकडे उगम शोधावा. त्यानंतर एकाने बाहेरून रबरी नळीने पाणी सोडावयाचे व दुसऱ्याने आत विजेरी घेऊन पाहावयाचे, ही पद्धत साधी परंतु भरवशाची आहे. पाणी खालच्या सांध्यापासून आरंभ करून वर न्यावे व प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे थांबावे. वरून आरंभ केल्यास ओघळ सर्वच सांधे भिजवितो व काहीच कळत नाही. जोराचा फवारा मारू नये, कारण तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत रेटतो. कार्यशाळांत पंख्याने वाहनातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढवितात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. जेथे बुडबुडे येतात तेथे फट असते.

दुरुस्ती : जुन्या सीलंटावर नवा थर चोपडणे ही सर्वांत प्रचलित व सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती होय. विशेषतः वाळलेल्या सिलिकोनाला दुसरे काहीही, नवे सिलिकोनसुद्धा, नीट चिकटत नाही. खिडकी किंवा कोपऱ्याची पट्टी सोडवून जुने द्रव्य पूर्णपणे खरवडावे, गंजलेले स्क्रू बदलावेत, ब्युटिल रबराची पट्टी खाली घालून भाग पुन्हा आवळावा आणि मगच कडेला सीलंट भरावे. छतावर आपोआप समतल होणारे व उभ्या भिंतीवर न ओघळणारे सीलंट वापरतात. छताचे आच्छादन ईपीडीएम रबराचे असल्यास पेट्रोलियमजन्य विद्रावकांनी ते पुसू नये. त्यांनी ते फुगते. वातानुकूलकाखालील फेसाचे गॅस्केट दबून गेले असेल, तर बोल्ट फार न आवळता ते बदलणे चांगले.

खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेस बारीक निचरा छिद्रे असतात. गळतीच्या भीतीने अनेकजण तीही बुजवून टाकतात. मग चौकटीत साठलेले पाणी बाहेर पडण्याऐवजी भिंतीत उतरते.

आतील ओले लाकूड व उष्णतारोधक द्रव्य वाळल्यावाचून किंवा काढून टाकल्यावाचून भिंत बंद केल्यास कूज चालूच राहते. म्हणून फट बुजविल्यावर काही आठवडे आर्द्रता पुन:पुन्हा मोजतात. मऊ पडलेले लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कापून तेथे नवे सांधतात.

सांधेच कमी ठेवणे हा रचनेतील उपाय होय. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये निघालेल्या ‘बोलर’ ट्रेलरची काया तंतुकाचेच्या दोन साच्यांतून काढलेल्या अर्धांची असून त्यांच्यात एकच मुख्य सांधा असतो. अशी वाहने दीर्घकाळ टिकतात. मात्र आतील कपाटे कायेला आरपार रिव्हेटांनी जोडलेली असल्याने जुन्या वाहनांत गळती या रिव्हेटांपाशी आढळते.