काचेची साक्ष

वैशाखातील दुपार होती. एका कुटुंबाने नवी मोटार घेतली, त्याला जेमतेम तीन आठवडे लोटले होते. बोनेटवर कुंकवाने काढलेले स्वस्तिक अजून पुरते पुसलेही गेले नव्हते. जेवणे आटोपून घरची मंडळी विसावली असता अंगणातून फटाका फुटावा तसा आवाज आला. सारे धावत बाहेर येऊन पाहतात तो काय, मोटारीच्या मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे असंख्य रेषा उमटलेल्या आणि तिचा एक कोपरा खडीसाखरेच्या खड्यांसारखा खाली सांडलेला! रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. कैरी पडली म्हणावी, तर जवळपास आंब्याचे झाडही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ शोरूममध्ये गेले. तेथील व्यवस्थापक सौजन्याने म्हणाले, "साहेब, दगड लागल्याखेरीज काच कशी फुटेल? आणि बाहेरच्या आघाताने फुटलेल्या काचेला हमी नसते." गृहस्थ उत्तरले, "अहो, मोटार दारात उभी होती. तिला दगड कोण मारणार? काचच सदोष असली पाहिजे." दोघेही मनापासून बोलत होते, परंतु काच फुटण्याचा क्षण दोघांपैकी एकानेही पाहिला नव्हता. प्रश्न काही हजार रुपयांचा होता आणि त्याहूनही अधिक, खरे कोणाचे मानायचे याचा होता. अशा वादात साक्षीदार एकच असतो, आणि तो म्हणजे ती फुटलेली काच. मात्र तिची भाषा समजली पाहिजे.

खिडकीच्या तावदानाची साधी काच फुटली, की तिचे सुरीसारखे धारदार तुकडे होतात. मोटारीच्या मागच्या काचेचे तसे झाले नाही. हातात घेतले तरी सहसा कापू नयेत, असे बोथट कडांचे बारीक खडे झाले. याचे कारण कळण्यासाठी साडेतीनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे १६६० साली त्याचा आतेभाऊ राजपुत्र रुपर्ट याने एक नवलाची वस्तू ठेवली. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला, की त्याला बेडकाच्या पिलासारखा आकार येतो: पुढे गोल डोके आणि मागे बारीक शेपूट. त्या डोक्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नसे. पण शेपटीचे टोक नुसते मोडले, की साऱ्या थेंबाचा क्षणात भुगा होई! लंडनच्या रॉयल सोसायटीतील विद्वानांनी पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा केली आणि रॉबर्ट हूक याने १६६५ च्या आपल्या ग्रंथात त्याची मीमांसा केली.

या जादूचे मर्म असे. थेंब पाण्यात पडताच त्याचे कवच लगेच घट्ट होते. आतली काच मात्र अद्याप मऊ व तप्त असते. पुढे ती निवू लागली, की आकसू पाहते. परंतु घट्ट झालेले कवच तिला मनाजोगे आकसू देत नाही. त्यामुळे आतली काच कवचाला अखंड आत ओढीत राहते. कवच चहूबाजूंनी दाबलेले आणि गाभा सदैव ताणलेला, अशी ती ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. दाबलेल्या पृष्ठभागावर चीर उघडत नाही, म्हणून हातोडा हरतो. शेपूट मोडली, की चीर ताणलेल्या गाभ्यात शिरते आणि मग तिला कोणी अडवू शकत नाही.

मोटारीच्या मागच्या व बाजूच्या बहुतेक काचा म्हणजे याच थेंबाचे सपाट रूप होय. काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत मारले, की तिला 'टफन्ड' काच म्हणतात. ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट बळकट असते. परंतु एकदा ती तयार झाली, की तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. चीर एकदा गाभ्यात गेली, की सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने ती साऱ्या काचेत पसरते.

मग दगड न लागता ती फुटेल काय? होय, क्वचित फुटते. काचेची कड हा तिचा दुबळा भाग. कारखान्यात, वाहतुकीत किंवा बसवताना कडेला बारीक टवका गेला, अथवा एखादी खिळपट्टी तिच्यावर रुतून बसली, तर ती जखम दिवसेंदिवस खोल होत जाते आणि एके दिवशी गाभ्याला भिडते. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. काच करताना कधी कधी निकेल सल्फाइडचा, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा, कण तिच्यात राहून जातो. काच भराभर थंड केल्यामुळे तो आपल्या तप्त अवस्थेतील रूपात अडकून पडतो. पुढे महिन्यांनी, वर्षांनी तो हळूहळू आपले मूळ रूप घेतो आणि तसे करताना किंचित फुगतो. मेलबर्न येथील, १९५८ साली पुऱ्या झालेल्या एका उंच इमारतीच्या काचा आपोआप फुटू लागल्या, तेव्हा बॅलंटाइन या संशोधकाने १९६१ साली या कणाचा गुन्हा उघडकीस आणला. मोटारीची काच इमारतीच्या काचेहून पातळ असते. त्यामुळे तेथे हा अपराधी विरळा, कडेची जखमच अधिक आढळते.

"उन्हाने फुटली" असे मात्र सहज म्हणता येणार नाही. निर्दोष टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपास तापमानाचा फरक सोसते. ऊन फार तर आधीच जखमी असलेल्या काचेला शेवटचा धक्का देते.

समोरच्या काचेची जात निराळी आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञाच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. कारण आत पूर्वी वाळून गेलेल्या द्रावणाचा पातळ पापुद्रा होता. त्यातूनच दोन काचांमध्ये चिकट पडदा घातलेली 'लॅमिनेटेड' काच निघाली. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर अशीच काच लागते. तिच्यावर दगड बसला, तर बाहेरच्या अंगाला लहानसा खळगा आणि त्याभोवती चांदणी उमटते. येथे वाद फारसा उरत नाही. खरी पंचाईत मागच्या काचेची.

आता त्या अंगणात परत जाऊ. फुटलेली काच पुष्कळदा चौकटीत तशीच उभी राहते. पण डिकी उघडून आपटली, की कोसळते आणि साक्ष संपते. या घरातील धाकट्या मुलीने वडिलांनी डिकीला हात लावण्यापूर्वीच चार बाजूंनी छायाचित्रे घेतली होती. शेजाऱ्याने सद्भावनेने आणलेला झाडूही तिने थांबवला. छायाचित्रांत साऱ्या रेषा जेथून निघाल्या ती जागा दिसत होती. बाहेरून दगड बसला असता, तर तेथे काचेचे पीठ झालेले दिसले असते आणि बहुधा आसनावर तो दगडही सापडला असता. निकेल सल्फाइड असते, तर उगमापाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे आणि त्यांच्या सांध्यावर काळा ठिपका दिसला असता. येथे सर्व रेषा खालच्या कडेला, एका खिळपट्टीपाशी एकत्र येत होत्या.

काचेच्या कोपऱ्यात कोरलेली खूणही वाचली पाहिजे. तीत कारखानदार, काचेची जात आणि बहुधा निर्मितीचा काळ असतो. इतर काचांची खूण एक आणि या काचेची निराळी असेल, तर ती पूर्वी कधी बदलली काय, असे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. येथे खुणा जुळल्या. तो संशय फिटला.

एवढ्यानेही सारे सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. कडेला इजा कारखान्यात झाली, की घरी कोणी काही आपटले, हे छायाचित्र सांगत नाही. म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक शहाणी तरतूद आहे. तपासणीवाचून दोष ठरत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. सर्वंकष विमा असेल, तर काच त्यातूनही बदलता येते. काचेवर घसारा कापत नाहीत, परंतु पुढील वर्षाची सवलत हातची जाते. विमा कंपनीला दुरुस्तीपूर्वी कळवावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

गृहस्थ छायाचित्रे आणि खिळपट्टीजवळचे खडे एका डब्यात घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेले. या वेळी त्यांनी "काच सदोष आहे" असे म्हटले नाही, "हे जरा पाहता का?" एवढेच विचारले. व्यवस्थापकांनी कार्यशाळेतील जाणत्या कारागिराला बोलावले. त्याने भिंगातून एकेक खडा पाहिला, मग बाहेर जाऊन मोटारीच्या खिळपट्टीवरून बोट फिरवले आणि ती एका बाजूने वाकलेली असल्याचे सांगितले. "कारखान्याला कळवतो. त्यांचा माणूस येईपर्यंत हा डबा कोणी उघडायला नको," व्यवस्थापक म्हणाले. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली गेली आणि तिच्यावर दोघांनीही सह्या केल्या.